डोंगा जमा

"बाई, माहा डोंगा द्या."

डोमा शेंडे केंद्राच्या दारात उभा होता. फाटकाबाहेर पोलीस ठाण्याचे जमादार मोटारसायकल चालू ठेवून बसले होते. ते आत येत नसत. इथे आत जाताना कोणी पाहिलं, तर डोकं बिघडलं असं गावात होतं, आणि पोलिसाचं डोकं बिघडून चालत नाही.

"देता नाई येत, डोमाभाऊ," ललिताबाई म्हणाल्या.

"चिठ्ठी आणली हाय."

त्याने खिशातून प्लास्टिकची पुडी काढली, पुडीतून घडी काढली, आणि घडी उलगडून टेबलावर ठेवली. खाली ललिताबाईंचीच सही होती. 'वस्तू : डोंगा, एक. आंब्याचं खोड कोरलेली होडी. बांबूसहित.'

चामोर्शीच्या त्या लहानशा चर्चच्या आवारात, मागच्या खोलीवर पाटी होती : 'शांतीद्वार समुपदेशन केंद्र. येशू ऐकतो. वेळ दहा ते पाच. रविवारी बंद.' लोकांनी ती जशी वाचायची तशीच वाचली. पाचनंतर कोणी येत नसे. रविवारी तो का ऐकत नाही, असं एकदा एका म्हाताऱ्याने विचारलं, तेव्हा दुसऱ्याने सांगितलं, त्या दिवशी तो चर्चमध्ये असतो.

ललिता दुर्गे मूळच्या अहेरीकडच्या. मिशनच्या दवाखान्यात सव्वीस वर्षं नर्स होत्या. दवाखाना बंद झाला तेव्हा संस्थेने त्यांना नागपूरला पाठवून एक वर्षाचा ख्रिस्ती समुपदेशनाचा कोर्स करायला लावला. त्या कोर्समध्ये दीड पानांचा एक धडा होता : मरावंसं वाटण्याची घडी टळते, साधन हाताशी नसलं तर. बाकीची पुस्तकं ललिताबाई विसरल्या. त्या दीड पानांचं मात्र त्यांनी कपाट केलं.

कपाट दवाखान्यातलंच होतं. त्याच्या दारावर अजून 'बाळंतिणींचे कपडे' असं रंगवलेलं होतं. ज्याला जीव द्यावासा वाटतो, त्याने ज्या वस्तूने द्यायचं मनात आणलं असेल ती वस्तू इथे आणून जमा करायची. वस्तूला चिठ्ठी बांधायची, अर्धी चिठ्ठी माणसाकडे. मग दर गुरुवारी येऊन बसायचं, बोलायचं, नसेल बोलायचं तर चहा घ्यायचा. जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे जायचं, गोळ्या सोडायच्या नाहीत. तीन महिन्यांनी बरं वाटलं, तर वस्तू परत. लोकांना डोक्याचं कळत नसे, पण जमा करणं आणि सोडवणं बरोबर कळत असे. अकरा वर्षांत एकही माणूस बाटला नव्हता. बाटल्या मात्र सतरा जमल्या होत्या. शिवाय दोर होते, एक विळा होता, आणि एक जांभळी साडी होती, जिची मालकीण लग्नसराईत ती चिठ्ठी दाखवून न्यायची आणि लग्न लागलं की धुऊन, घडी करून परत जमा करायची.

डोमा ऑगस्टमध्ये आला होता. जुलैत त्याचा मुलगा पवन मोहटोल्याच्या माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलावात बुडाला. डोमा तेव्हा त्याच तलावात, दहा हातांवर, डोंग्यात होता. तालुक्यात कुठेही माणूस बुडाला की पोलीस डोमालाच बोलावत, कारण त्याच्याइतका वेळ पाण्याखाली कोणी राहत नसे. त्या दिवशी पोलिसांना फोन करावा लागला नाही.

"कायनं मराचं ठरवलं होतं?" ललिताबाईंनी फॉर्मवरचा प्रश्न विचारला होता.

"तलावात."

"मंग जमा काय करता?"

डोमाने बराच विचार केला. "तलाव त आणता नाई येत."

काठावरून जाता येणार नाही का, असं त्यांनी विचारलं. काठाला पाणी गुडघाभर, डोमा म्हणाला. पोहत गेलो तर हात आपोआप चालतेत, मरणाचं ध्यानातच राहत नाही. मधोमध जायला डोंगा लागतो. दुसऱ्या दिवशी तो ट्रॅक्टरवर डोंगा घालून आला. कपाटात डोंगा मावेना, म्हणून तो आवारात कडुनिंबाखाली ठेवला आणि त्याला चिठ्ठी बांधली. पास्टर हेमराजांनी सुरुवातीला हरकत घेतली. डिसेंबर लागताच त्यांनी त्यात धानाचं तणस भरलं आणि नाताळची गव्हाणी केली. मरियम आणि योसेफ पुठ्ठ्याचे होते. बाळ येशू म्हणून एक बाहुली होती, निजवली की डोळे मिटणारी. तिचा एकच डोळा मिटायचा.

"तीन मैने कवाचेच झाले," डोमा म्हणाला. "गोयाही खाऊन राह्यलो. आता द्या."

"मी कोणालेच काई परत देत नाई आता. तुमाले माहीत हाय."

त्याला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

ऑक्टोबरमध्ये मोहटोल्याचा देवाजी आला होता. त्याची बाटली मे महिन्यापासून जमा होती. धानावर तुडतुडे आले होते, औषध मारलं नाही तर पीक बसणार होतं. देवाजी सहा महिन्यांत एक गुरुवार चुकला नव्हता. तो हसायला लागला होता, जेवायला लागला होता. ललिताबाईंनी तीन प्रश्न विचारले, त्याने तिन्हींची उत्तरं बरोबर दिली. त्यांनी प्रार्थना केली आणि बाटली दिली. देवाजीने फवारणी केली. धानाची पूर्ण बांदी, चारही कोपरे, वारा पाहून, तोंडाला फडकं बांधून. पंप धुऊन टांगून ठेवला. शेजाऱ्याचा होता, तो परतही करून आला. मग जे उरलं होतं ते घेऊन गोठ्यात गेला.

तो खोटं बोलला नव्हता. ललिताबाईंना हेच सहन होत नव्हतं.

त्या तेराव्याला गेल्या, तेव्हा देवाजीची बायको गिरजाबाई ओसरीवर बसली होती. रडत नव्हती. ललिताबाईंकडे बघून ती एवढंच म्हणाली, "धान चांगलं झालं, बाई." त्या वाक्यावर ललिताबाई उठून आल्या. ज्या घरात असं घडलं, तिथे नियमाप्रमाणे दर गुरुवारी जायला हवं होतं. त्यानंतर सात गुरुवार गेले.

आणि कपाट बंद झालं. सुकरी रोज येऊन फाटकात उभी राहायची : "बाई, माहा दोर द्या वो. बैल मोकळा फिरून राह्यला. मी काई मरत नाई, पण बैल शेजाऱ्याच्या तुरीत घुसला त तो मले मारून टाकन." शेवटी ललिताबाईंनी आठवडी बाजारातून नवा दोर घेऊन तिला दिला. जुना दिला नाही. नवा दोर जुन्यापेक्षा चांगलाच मजबूत होता. यात शहाणपण काय, असं पास्टरांनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या हातातून गेला नाही पाहिजे, बस."

"आज माह्यासाठी नाई मांगत," डोमा म्हणाला. "जमादार घेऊन आले. मोहटोल्याच्या तलावात बाई पडली. पाळीवर चपला सापडल्या सकाळी."

"कोण?"

डोमाने फाटकाकडे पाहिलं. मोटारसायकल चालूच होती.

"देवाजीची गिरजाबाई."

ललिताबाईंनी चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. कपाटाची किल्ली त्यांच्या गळ्यात क्रूसाच्या दोरीतच होती. पण डोंग्याला किल्ली नव्हती.

"न्या," त्या म्हणाल्या. "पण मी डोंग्यात बसन."

"तुमाले पोहता येते?"

"नाई."

"मंग काऊन बसता?"

"म्हणूनच."

डोमाने त्यांच्याकडे पाहिलं. त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग तो डोंग्याकडे गेला.

पास्टर धावत आले. आज शनिवार आहे, उद्या उपासनेला बाहेरगावचे लोक येणार, गव्हाणी मोडली तर काय दाखवायचं, असं ते म्हणाले. गिरजाबाईचं नाव ऐकल्यावर मात्र स्वतःच तणस उपसायला लागले. घाईत बाहुली त्यांच्या हातात राहिली. डोंगा चढवून जमादारांनी मागवलेला ट्रॅक्टर निघाला तेव्हा पास्टर कडुनिंबाखाली तिला खांद्याशी धरून उभे होते, आणि मरियम-योसेफ रिकाम्या जमिनीकडे बघत होते.

मोहटोल्याला तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, अर्धं गाव जमलं होतं. धान कापून झालं होतं, लोकांना वेळ होता. चपला मधोमध ठेवल्या होत्या आणि त्यांच्याभोवती कोणीतरी काड्यांनी गोल आखला होता, त्यात पाय पडू नये म्हणून. जमादारांनी मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून पंचनामा लिहायला घेतला होता. 'मयत' हा शब्द त्यांनी आधीच लिहून ठेवला, पुढे घाई होते म्हणून.

डोंगा पाण्यात गेला. ललिताबाई मधोमध बसल्या, दोन्ही हातांनी कडा धरून. डोमा मागे उभा राहून बांबू रेटत होता. पाणी काळं आणि गार होतं. जुलैनंतर तो पहिल्यांदाच या तलावात आला होता. हे दोघांनाही माहीत होतं.

काठावरचे आवाज लहान झाले तेव्हा त्याने बांबू गाळात रोवला आणि डोंगा त्याला बांधला.

"प्रार्थना करायची का?" ललिताबाईंनी विचारलं.

"तुमी करा. मी जातो."

तो गेला. ललिताबाईंच्या छातीवर अजून नर्सचं उलटं घड्याळ लावलेलं असे. त्या घड्याळाकडे बघत राहिल्या. चाळीस सेकंद. डोमा वर आला, दम घेतला, मान हलवली. दुसऱ्यांदा पंचावन्न. डोंगा थोडा सरकवला. तिसऱ्यांदा तो खाली गेला आणि पाणी पुन्हा सपाट झालं.

एक मिनिट झालं. ललिताबाईंनी प्रार्थना सुरू केली. पण इतकी वर्षं पाठ असलेली प्रार्थना त्यांना आठवेना. आठवत होता तो फॉर्म. नाव. वय. गाव. पूर्वी कधी असा विचार आला होता का. आता येतो का. सव्वा मिनिट. त्यांनी पाण्यात हात घातला. कशासाठी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. दीड मिनिट. बुडबुडा नव्हता. काठावर कोणीतरी खोकलं, ते इथवर ऐकू आलं.

एक मिनिट बावन्न सेकंदांनी डोमा डोंग्याच्या दुसऱ्या बाजूने वर आला. ओठ निळे पडले होते. तो कडेला धरून लोंबकळत राहिला.

"सापडली?"

"नाई."

"मंग इतका वेळ काय करून राह्यले होते?"

डोमाने तोंडातलं पाणी थुंकलं. "काई नाई. बरं हाय खाली. आवाज नाई येत कोणाचा."

कोर्समध्ये यावर काय बोलावं ते होतं. चार वाक्यं होती. त्यांना ती आठवत होती आणि त्यातलं एकही त्यांना बोलावंसं वाटत नव्हतं.

"वर काऊन आले मंग?"

"तुमाले बांबू मारता नाई येत," डोमा म्हणाला. "तुमी इथीच राह्यल्या असत्या."

तो वर चढून बसला, तसं डोंग्यात पाणी आलं आणि ललिताबाईही भिजल्या. थरथरत होता. ललिताबाईंनी आपली शाल त्याला दिली. ती ओली झाली, मग दोघंही सारखेच गारठले.

"देवाजीले बाटली मीच दिली होती," त्या म्हणाल्या.

"माहीत हाय. साऱ्या गावाले माहीत हाय."

"मंग मले कोणी काई म्हटलं काऊन नाई?"

"कोण म्हणन, बाई? साऱ्यांचे दोर तुमच्याकडे जमा हायत."

ललिताबाईंना हसू आलं. ते हसू अर्ध्यात कुठेतरी वेगळंच काहीतरी झालं, आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. डोमा पाण्याकडे बघत बसला. तो पवनच्या जागेपासून चार हातांवर होता. ती जागा कुठली, हे त्याला खुणेशिवाय माहीत होतं.

तेवढ्यात काठावरून ओरडा आला. "सापडली! सापडली!"

ललिताबाईंनी डोळे मिटले. डोमाने बांबू उपसला.

पाळीवर पोचले तेव्हा गर्दीच्या मधोमध गिरजाबाई उभी होती. कोरडी. फक्त लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत ओला होऊन वाळलेला. ती तासाभरापासून गर्दीतच होती. मागे उभी राहून टाचा उंचावून बघत होती, आणि शेवटी तिने शेजारच्या बाईला विचारलं होतं, "कोण बुडलं वो?" त्या बाईने वळून पाहिलं आणि किंचाळली.

"मले का माहीत," गिरजाबाई जमादारांना सांगत होती. "इतके लोक जमले, पोलीस आले, डोंगा आला. मले वाटलं कोणी खरंच बुडलं असन."

"चपला कोणाच्या आहेत?" जमादारांचा कागद अर्धा लिहून झाला होता. 'मयत' शब्दाचं काय करावं, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता.

"माह्याच."

"मग ठेवून कुठं गेली होती?"

गिरजाबाईने खाली पाहिलं. "गेली होती पाण्यात. सकाळी. गुडघ्याइतकी गेली अन् थंडी वाजली." ती थांबली. "मंग लाज वाटली. मराले निघालेल्या माणसाले थंडी वाजते का? परत आली त चपलांपाशी माणसं उभी होती. त्यांच्या पुढून कशी घेऊ? देवळाच्या मांगं बसून राह्यली. माणसं जाईनात. उलटी वाढतच गेली. मंग मीही पाहाले आली."

गर्दीतून एकजण म्हणाला, फुकट दिवस गेला. दुसऱ्याने त्याला गप्प केलं. हळूहळू लोक पांगले. जमादारांनी कागदाच्या बारीक बारीक घड्या केल्या आणि खिशात टाकल्या. ते गिरजाबाईला रागवायला आले होते, पण जवळ आल्यावर "जेवून घे, माय," एवढंच म्हणून गेले.

ललिताबाई समोर उभ्या राहिल्या. ओल्या, थरथरत. बुडायला आलेली कोरडी होती आणि वाचवायला आलेली भिजलेली.

"तुमी आल्या नाई, बाई," गिरजाबाई म्हणाली.

"नाई आली."

"दर गुरुवारी चहा मांडून राह्यली होती मी. देवाजी म्हणे, बाई गुरुवार चुकवत नाई."

"मले वाटलं, तुमी मले..." ललिताबाईंनी ओला पदर पिळला. "तुमी म्हटलं, धान चांगलं झालं."

"झालंच होतं. चारही कोपरे, एक लोंब पोचट नाई." गिरजाबाईने त्यांच्याकडे आश्चर्याने पाहिलं. "दाखवाचं होतं तुमाले. त्यानं किती चांगली फवारनी केली ते. दुसरं कोण पाहाले येते? आता त कापून झालं."

पाळीपलीकडे बांद्या पसरल्या होत्या. सगळीकडे धसकटं. देवाजीची कुठली, हे ललिताबाईंना ओळखता आलं नाही. गिरजाबाईनेही बोट दाखवलं नाही.

शेजारणीने गिरजाबाईजवळ झोपायचं कबूल केलं. तिच्या बहिणीला फोन झाला. सोमवारी जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. हे सगळं नियमाप्रमाणे झालं. मग ललिताबाई म्हणाल्या, "काहीतरी जमा करा, गिरजाबाई."

"काय करू? माह्याकडे काईच नाई." तिने तलावाकडे पाहिलं. डोमाही बघत होता. याचं उत्तर दोघांनाही माहीत होतं.

ललिताबाईंनी वाकून काड्यांच्या गोलातून चपला उचलल्या. उजवीचा अंगठा तारेने बांधलेला होता. ओल्या पिशवीतून त्यांनी चिठ्ठी काढली, तिचे दोन तुकडे केले, अर्धा गिरजाबाईच्या हातात दिला. गिरजाबाईने तो कमरेला खोचला आणि अनवाणी निघाली. पाळ उतरून ती बांद्यांमधून गेली. धसकटांतून चालताना माणूस खाली बघून पाय टाकतो. ती समोर बघत चालली होती.

ट्रॅक्टर परत आवारात आला तेव्हा पाचाला दहा कमी होते. डोंगा कडुनिंबाखाली, पिवळ्या पडलेल्या गवताच्या त्याच आकारावर ठेवला गेला. ललिताबाईंनी कपाट उघडलं. देवाजीची बाटली जिथे असायची ती जागा त्यांनी ऑक्टोबरपासून रिकामी ठेवली होती. तिथे चपला ठेवल्या. कपाट लावलं.

बाहेर डोमा शाल गुंडाळून उभा होता.

"डोंगा परत जमा करून घ्या, बाई."

त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली. 'वस्तू : डोंगा, एक.' कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. रकाना तसाच राहिला.

"उद्या येऊ का?" डोमाने विचारलं. "खालचं सांगाचं होतं. तिथी काय वाटलं ते."

"उद्या रविवार," ललिताबाईंच्या तोंडून गेलं. अकरा वर्षांची सवय.

डोमाने पाटीकडे पाहिलं. मान डोलावली. "मंग इथीच थांबतो मी. घरी नाई जात आज."

बाजूला उपसून ठेवलेलं तणस त्याने कवेत घेऊन डोंग्यात पसरलं आणि आत आडवा झाला. गुडघे जवळ घेतले तेव्हा तो बरोबर मावला. ललिताबाई पायरीवर बसल्या. पाच वाजले. त्यांनी दार लावलं नाही.

पास्टर हेमराज चर्चमधून आले. बाहुली अजून त्यांच्या हातातच होती. सकाळपासून त्यांनी तिला खुर्चीवर, वेदीवर, खिडकीत ठेवून पाहिलं होतं, कुठेच बरं दिसेना. डोंग्यापाशी येऊन ते थांबले. आत पाहिलं. मग ललिताबाईंकडे पाहिलं.

"याले आता कुठं ठेवू?" त्यांनी हळूच विचारलं.

डोमाने डोळे उघडले नाहीत. तो फक्त कुशीवर वळला आणि डोंग्याच्या कडेला सरकला, अरुंद खाटेवर लेकरासाठी सरकतात तसा, आणि हाताने तणस सारखं केलं.

पास्टरांनी वाकून बाहुली तिथे निजवली. तिचा एक डोळा मिटला. दुसरा उघडाच राहिला.